दाबाचा बंदोबस्त

झाशीचा किल्ला आणि झाशीची छावणी यांच्यामध्ये अंतर फार नाही. परंतु १८६१ पासून १८८६ पर्यंत, म्हणजे तब्बल पंचवीस वर्षे, या दोहोंच्या दरम्यान दोन राज्यांची हद्द होती, ही गोष्ट आज त्या रस्त्याने जाणाऱ्यास सांगितली तर सहसा खरी वाटत नाही. राणी लक्ष्मीबाईंच्या पश्चात शहर व किल्ला शिंद्यांच्या स्वाधीन करून इंग्रजांनी तटाबाहेर ‘झाशी नौआबाद’ या नावाने आपले ठाणे राखले, आणि पुढे ग्वाल्हेरचा किल्ला व मुरारची छावणी शिंद्यांना परत देऊन त्या मोबदल्यात झाशी शहर पुन्हा आपल्या अमलाखाली आणले. तटाच्या आत नेवाळकरांच्या सुभेदारीतली मराठी घराणी, वाकडेतिकडे बोळ, १८४२ साली ज्यात राणीचे लग्न लागले ते गणेशमंदिर. तटाबाहेर रेषेने आखलेले रस्ते, एकाच मापाच्या बराकी, आणि घड्याळाच्या ठोक्यावर उठणारी व निजणारी पलटण. एका बाजूस माणसाच्या अंगच्या अटकळीवर चाललेला कारभार आणि दुसऱ्या बाजूस माप, वजन व कवाईत यांवर चाललेला कारभार, असे हे दोन शेजारी पुष्कळ काळ एकमेकांकडे संशयाने पाहत उभे होते.

आज जे हौशी नेमबाज हवेची रायफल खरेदी करावयास निघतात, ते आपसांत ज्या एका प्रश्नावर तासन्‌तास वाद घालताना दिसतात, तो प्रश्न मला या शेजाऱ्यांच्या संशयाचाच एक वंशज वाटतो. आगाऊ दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल, जिला ही मंडळी ‘पीसीपी’ म्हणतात, ती रेग्युलेटर बसवलेली घ्यावी की रेग्युलेटरवाचूनची घ्यावी, असा तो प्रश्न आहे. वरवर पाहता हा एका लहानशा पितळी पुर्ज्याचा वाद आहे. पण प्रत्येक बारास मागून मिळणारे बळ एकसारखे असावे कसे, आणि ते तसे नसेल तर त्याचा हिशेब यंत्राने ठेवावा की माणसाने, हा त्यामागचा प्रश्न बंदुकीइतकाच जुना आहे.

तटाच्या आतल्या बाजूने आरंभ करू. सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू ही मोठी लहरी वस्तू होती. सोरा हवेतली ओल ओढून घेतो, कोळसा कोणत्या लाकडाचा यावर ज्वलनाचा वेग बदलतो, आणि दूरच्या वाटेने गाडीतून हिंदकळत आलेल्या पिंपात जड भाग खाली व हलका भाग वर अशी फाटाफूट झालेली असते. रामचंद्रपंत अमात्यांनी सुमारे १७१५ साली सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त दारूखाना वस्तीपासून दूर असावा, आणि हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून, तिला ऊन दाखवून, पुन्हा मोहर करून ठेवावी, अशी सक्त ताकीद आहे, ती वाचताना असे दिसते की दारूचे बळ स्थिर राहत नाही आणि तिच्यावर सतत नजर ठेवावी लागते, हे आपल्या राज्यकर्त्यांस पूर्णपणे अवगत होते. मात्र ही नजर ठेवण्याचे अंतिम काम गोलंदाजाकडेच येई. चिमूटभर दारू कागदावर पेटवून मागे काय उरते ते पाहावे, पहिला गोळा कोठे पडला हे बुरुजावरून निरखावे, आणि दुसऱ्या वेळी मूठभर दारू अधिक किंवा उणी घालावी, अथवा तोफेचे तोंड किंचित उचलावे, ही त्याची विद्या होती. १८५८ च्या मार्चात सर ह्यू रोझच्या फौजेने झाशीस वेढा घातला तेव्हा किल्ल्यावरची ‘कडक बिजली’ गुलाम गौस खान चालवीत होता असे परंपरा सांगते. त्याची कबर किल्ल्यातच आहे, आणि तोफही तेथेच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे, जे यज्ञयागाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघून नेमके त्या वेढ्यात सापडले, त्यांनी तोफांच्या त्या भडिमाराचे आपल्या प्रवासवृत्तात मोठे प्रत्ययकारी वर्णन केले आहे. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली ते छापून काढले म्हणून आपल्यापर्यंत आले. परंतु गोलंदाजाच्या मुठीचा हिशेब कोणीच लिहून ठेवला नाही, आणि ठेवताही आला नसता.

छावणीची रीत याच्या नेमकी उलट होती. मापून घेतलेली दारू आणि गोळी कागदात गुंडाळून तयार केलेले काडतूस युरोपातल्या फौजांत दोनशेहून अधिक वर्षे प्रचारात होते, आणि १८५३ च्या एनफील्ड रायफलीसाठी त्याची जी सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली तीत अडीच ड्रॅम दारू आणि ५३० ग्रेन वजनाची गोळी, ना रतीभर अधिक ना रतीभर उणी, असे प्रमाण ठरलेले होते. शिपायाने काडतूस फोडावे, दारू ओतावी, गोळी ठासावी. दारूचा विचार त्याने करावयाचा नाही, कारण तो कारखान्यात आधीच होऊन गेलेला आहे. समान बळाचा हा पहिला खरा बंदोबस्त. आणि त्याच कागदास लावलेल्या चरबीच्या शंकेने १८५७ सालचा वणवा पेटावा, हा इतिहासाचा मोठाच विपरीत योग म्हटला पाहिजे. डमडम, अंबाला व सियालकोट येथील शिक्षणकेंद्रांत ती रायफल शिकवली जात होती. झाशीच्या छावणीतल्या बाराव्या बंगाल पायदळाच्या तुकडीपर्यंत रायफलीच्या आधी तिची वार्ता पोचली. ५ जून १८५७ रोजी छावणीतला दारूगोळा आणि खजिना ज्यात होता तो ‘स्टार फोर्ट’ त्या तुकडीतील शिपायांनी ताब्यात घेतला, आणि पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे.

वेढा संपला, ३ एप्रिल १८५८ रोजी इंग्रज शहरात शिरले, आणि त्यानंतर सरकारने जी एक गोष्ट मनावर घेतली ती रयतेची हत्यारे काढून घेण्याची. वेढ्याआधीच निघालेला १८५७ चा तात्पुरता कायदा, १८६० चा त्याहून पक्का, आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला १८७८ चा हत्यारांचा कायदा, अशा पायऱ्यांनी तलवार, भाला व बंदूक ही सर्व परवान्याच्या दप्तरात दाखल झाली. ज्या बुंदेलखंडात ठाकूर घराण्याच्या ओसरीत ठासणीची बंदूक टांगलेली नाही असे घर क्वचित सापडले असते, तेथे बंदूक बाळगणे हे सरकारी मेहेरबानीचे चिन्ह होऊन बसले. स्वातंत्र्यानंतरचा १९५९ चा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, आणि त्यानेही परवान्याची पकड मूलतः सैल केली नाही. सामान्य माणसाच्या हाती राहिली ती छर्ऱ्याची बंदूक. जत्रेतले फुगे फोडणारी, आंब्यावरची माकडे हुसकावणारी, शाळकरी मुलाने सुट्टीत मागितलेली. तिची कोणी फारशी गणना करीत नसे, आणि माझ्या मते तिचे भाग्य त्यातच होते.

वास्तविक हवेच्या बंदुकीची कुळी हलकी नाही. टायरोल प्रांतातला घड्याळजी बार्तोलोमेओ जिरांडोनी याने रचलेली रायफल ऑस्ट्रियाच्या सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८० च्या सुमारास आपल्या फौजेत रीतसर दाखल केली, आणि सुमारे १८१५ पर्यंत ती कमीअधिक प्रमाणात वापरात होती. हिचा दस्ता लाकडाचा नव्हता. तो लोखंडी पत्र्याचा, रिव्हेटांनी जोडलेला, चामड्याने मढवलेला एक पोकळ शंकू होता, आणि तोच हवेचा कोठा. नळीच्या बाजूस वीस गोळ्यांची एक नलिका. रायफल किंचित वर करून एक आडवी सरकपट्टी अंगठ्याने दाबली की त्यातली एक गोळी आपल्या वजनाने सरकून नळीच्या मागे येई. घोडा चढवावा, चाप ओढावा, आत हातोडीचा ठोका झडपेवर बसे, झडप क्षणभर उघडे आणि हवा गोळीस घेऊन बाहेर पडे. धूर नाही, ठिणगी नाही, पावसाची भीती नाही, आणि ज्या काळात तरबेज शिपाई मिनिटास तीन-चार बार काढी त्या काळात हिचा धनी तेवढ्याच अवधीत वीस गोळ्या सोडू शके. मग हिने जग का जिंकले नाही? कोठा भरण्यास हातपंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत. पत्र्याचे सांधे गळत. चामड्याच्या चकत्या ओल्या ठेवाव्या लागत, आणि एवढे करून एका भरणीत उपयोगी पडतील असे बार निघत जेमतेम तीस. शिवाय, आणि आपल्या प्रश्नाशी संबंध आहे तो येथे, पहिल्या बाराचे बळ विसाव्या बारास राहत नसे. कोठ्यातली हवा जसजशी कमी होई तसतशी गोळी अधिकाधिक खाली पडे, आणि शिपायास ते मनात धरून नेम वर घ्यावा लागे. म्हणजे मापलेल्या काडतुसाने जो भार शिपायाच्या डोक्यावरून उतरवला होता, तो या सुंदर यंत्राने पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवला. नेपोलियनने हे हत्यार बाळगणाऱ्यास फासावर चढवण्याचा हुकूम काढला होता, ही कथा रंगवून सांगण्यात येते. तिला कागदपत्रांचा आधार नाही, पण शत्रूस काय वाटले असेल याची कल्पना तिच्यावरून येते.

त्यानंतरची शंभर-दीडशे वर्षे झपाट्याने ओलांडण्यास हरकत नाही. स्प्रिंगच्या बंदुकीने हवेचा कोठाच काढून टाकला. नळी मोडून स्प्रिंग दाबली की प्रत्येक बाराची हवा त्या त्या वेळी तयार होते, म्हणून बळ सारखे, परंतु छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच आतला जड दट्ट्या धावत पुढे जाऊन आदळतो व हात हलवतो. लॉस एंजेलिस येथे १९८४ साली दहा मीटरची एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली त्या सुमारास एकाच तरफेने एकदाच हवा दाबणाऱ्या रायफली स्पर्धांतून मिरवीत होत्या. तरफ एकाच अंतरातून फिरते म्हणून दाबही एकच. मग कर्बवायूवर चालणाऱ्या रायफली आल्या. हा वायू २० अंशांवर सुमारे ५७ बार (येथे बार म्हणजे दाबाचे माप) दाब देतो, ३० अंशांवर ७२ च्या आसपास, आणि ३१ अंशांच्या वर तर तो द्रवरूपात राहातच नाही. जर्मनीतल्या बंदिस्त दालनात हे चालून जाईल, पण ज्या झाशीत वैशाखात पारा ४५ च्या घरात जातो तेथे असल्या रायफलीचा भरवसा कोणी धरावा! शेवटी निवड पुन्हा जिरांडोनीच्या मार्गावर, म्हणजे आगाऊ दाबलेल्या साध्या हवेवर, येऊन स्थिरावली. मात्र कोठा आता पोलादी किंवा ॲल्युमिनियमचा, आणि दाब दोनशे बारांचा.

आता रेग्युलेटरवाचूनच्या रायफलीत काय घडते ते नीट पाहण्यासारखे आहे, कारण ते सामान्य अपेक्षेहून वेगळे आहे. सिलिंडर पूर्ण भरलेला असताना दाब झडपेस आतून इतक्या जोराने मिटून धरतो की हातोडीचा ठोका तिला पुरती उघडू शकत नाही, आणि हवा थोडी सुटते. म्हणून भरल्या सिलिंडरचे पहिले बार काहीसे मंद निघतात. दाब उतरत जातो तसतशी झडप अधिक वेळ उघडी राहते, छर्ऱ्याचा वेग चढत जाऊन एका शिखरास पोचतो, काही काळ तेथे रेंगाळतो, आणि मग हवाच अपुरी पडू लागल्याने खाली घसरतो. शिखराच्या दोन्ही अंगांचा हा सपाटीचा पट्टा ओळखणे, समजा १८० पासून १२० बारांपर्यंतचा, आणि सिलिंडर त्याच मर्यादेत भरून त्याच मर्यादेत थांबणे, हे अशा रायफलीच्या मालकाचे खरे कसब. जो गोलंदाज आपली दारू ओळखतो त्याचा हा वारसदार आहे. फक्त मुठीच्या जागी दाबमापकाचा काटा आला.

रेग्युलेटर खोलून पाहिला तर अंगठ्याएवढ्या नळकांड्यात एक बारीक दट्ट्या, त्याच्या पाठीशी एकमेकींवर उलटसुलट रचलेल्या बशीच्या आकाराच्या पोलादी चकत्या, आणि दट्ट्याच्या टोकासमोर एक मऊशी बैठक, एवढाच ऐवज आढळतो. सिलिंडरमधली हवा दट्ट्याजवळून पुढच्या लहान कप्प्यात शिरते. कप्प्यातला दाब ठरलेल्या मर्यादेस पोचला की तो चकत्यांना दाबून दट्ट्या मागे लोटतो, टोक बैठकीवर बसते आणि वाट बंद होते. बार झाला, कप्पा रिता झाला, चकत्या पुन्हा उसळल्या, वाट उघडली, कप्पा तेवढाच भरला. सिलिंडरमध्ये २०० बार असोत की ११०, झडपेच्या तोंडाशी हजर होणारी हवा तीच. एनफील्डच्या कागदी काडतुसात जे प्रमाण कारकुनाने तोलले होते, ते येथे चकत्यांची एक चळत प्रत्येक बारास नव्याने तोलते.

एवढा खटाटोप कशासाठी, हे थोड्या अंकगणिताने ध्यानात येईल. स्पर्धेच्या रायफलीतून छर्रा सेकंदास सुमारे १७२ मीटर वेगाने निघतो आणि दहा मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणाने सुमारे साडेसोळा मिलिमीटर खाली येतो. वेग दहा मीटरांनी कमी झाला तर ही घसरण आणखी दोन मिलिमीटरांनी वाढते. दहा गुणांचा ठिपका आहे अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा, आणि त्यापुढील वर्तुळे अडीच-अडीच मिलिमीटरांच्या अंतराने. म्हणजे दाबाच्या एवढ्याशा चुकीने जवळजवळ एक गुण जातो. अभिनव बिंद्राने ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग येथे ७००.५ गुणांनी सुवर्णपदक जिंकले तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा चिनी नेमबाज ६९९.७ वर होता. सत्तर बारांच्या बेरजेत अंतर पडले आठ दशांश गुणांचे. वरळीच्या रेंजवर घडलेल्या आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या अंजली भागवत, २००४ साली अथेन्समध्ये तीच मजल मारणाऱ्या सुमा शिरूर, आणि २०२२ साली कैरो येथे जगज्जेता ठरलेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, ही सारी परंपरा ज्या खेळात उभी राहिली त्यात आज रेग्युलेटरविषयी वाद उरलेलाच नाही. श्वास, नाडी आणि चापावरचे बोट यांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने दाबाचाही ठेवावा, ही अपेक्षा रास्त नव्हे.

परंतु प्रत्येक विकत घेणारा ऑलिंपिकला निघालेला नसतो, आणि येथे सरकारचा कायदा पुन्हा आपल्या कथेत प्रवेश करतो. २०१६ च्या हत्यारांच्या नियमांनी ठरवले की ज्या हवेच्या बंदुकीची ऊर्जा नळीच्या तोंडाशी २० जूलहून अधिक, किंवा जिचे भोक .१७७ इंचांहून मोठे, तिला परवाना हवा. अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्यास वीस जूल म्हणजे सेकंदास सुमारे २८० मीटर वेग. यात एक गंमत आहे. रेग्युलेटरवाचूनच्या रायफलीचा वेग चढतो आणि उतरतो, पण कायदा तिचे शिखर मोजणार. शिखर मर्यादेच्या आत ठेवले की बाकीचे सारे बार मर्यादेच्या बरेच खाली राहतात. रेग्युलेटरची रायफल मात्र मर्यादेच्या अगदी लगत, शेवटच्या बारापर्यंत, बिनतक्रार चालवता येते. १८५८ नंतर रयतेच्या हत्यारांस जी वेसण घातली गेली, तिचे एक दूरचे टोक असे या पितळी पुर्ज्याच्या पारड्यात वजन टाकते.

तरीही झाशीसारख्या ठिकाणी राहून, घराच्या मागच्या भिंतीशी वाळूची पोती रचून, तीस-चाळीस पावलांवरची कागदी निशाणी मारण्याची ज्याला हौस आहे, त्याने रेग्युलेटरवाचूनची रायफल घ्यावी असेच मी सुचवीन. .१७७ च्या भोकास आणि एवढ्या मर्यादित ऊर्जेस हवा मुळातच थोडी लागते, म्हणून सपाटीचा पट्टा पुरेसा लांब मिळतो. एका बैठकीस तेवढे बार पुष्कळ झाले. या प्रांताच्या उन्हाळ्याचा विचार करावा लागतो हे खरे. २० अंशांवर २०० बार भरलेला सिलिंडर ४५ अंशांच्या उन्हात ठेवला तर काटा २१७ वर जातो, आणि सकाळी बांधलेला वेगाचा आडाखा दुपारी सरकतो. रेग्युलेटर असता तर पुढच्या कप्प्यास याची फारशी झळ लागली नसती. पण सिलिंडर सावलीत ठेवण्यास काही खर्च येत नाही. उलट हातपंपाने भरलेल्या हवेबरोबर पावसाळ्याची ओल आणि बुंदेलखंडाची बारीक लाल धूळ आत जाते, आणि ती प्रथम जाऊन बसते ती रेग्युलेटरच्या त्या मऊ बैठकीवर. साध्या रायफलीत बिघडण्याजोग्या रबरी कड्या मोजक्या, आणि त्या बदलणारा कारागीर, ज्याने आयुष्यभर स्टोव्ह आणि सायकलपंप दुरुस्त केले तो, थोड्या समजावणीने तयार होतो. रेग्युलेटर मात्र बहुधा मुंबई-दिल्लीस धाडावा लागतो.

आणि तो बिघडला हे प्रथम लक्षातही येत नाही. बैठकीवर कण बसला की वाट पुरती मिटत नाही. रायफल अर्धा तास भिंतीशी टेकून ठेवली तर तेवढ्या वेळात पुढच्या कप्प्यातला दाब हळूहळू चढत जातो, आणि चहा घेऊन परत आल्यावर मारलेला पहिला बार वेगळ्याच जागी लागतो. दुसरा, तिसरा बार पूर्ववत्. मालक स्वतःच्या हातास दोष देतो, छर्ऱ्यांचा डबा बदलतो, दुर्बिणीचे स्क्रू आवळतो. याची परीक्षा सोपी आहे: वेग मोजण्याचे यंत्र समोर मांडावे, पाच बार लागोपाठ काढावे, अर्धा तास थांबून सहावा काढावा, आणि सहाव्याचा आकडा पहिल्या पाचांच्या ओळीत बसतो की नाही ते पाहावे.